बायजाचा कैदी

कोपरीच्या बायजाने साडेतीन महिने एका माणसाला पोसले. तो तिच्या नात्यातला नव्हता, जातीतला नव्हता, आजारी किंवा लुळापांगळाही नव्हता. त्याने तिचे पैसे बुडवले होते. कोर्टाने त्याला ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगात बसवले आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाचा खर्च बायजाच्याच गळ्यात घातला, कारण कायदा तसा होता. चोराला, दरोडेखोराला सरकार आपल्या खर्चाने जेवू घाली. पैसे बुडवणाऱ्याला मात्र ज्याचे बुडाले त्याने जेवू घालायचे, आणि तेही आगाऊ.

मिठागरावरच्या बायकांना या गोष्टीचे भारी हसू यायचे. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून जाताना एखादी हटकून विचारायची, "बायजे, तुझा जावय जेवला का गो?" दुसरी म्हणायची, "आज काय केलंस त्याला, सुकट का बोंबील?" बायजाही सुरुवातीला त्यांच्यात मिळून हसायची. "जेवतोय मेला," ती म्हणायची, "माज्यापेक्षा बरा जेवतोय." आणि ते खरेच होते. कैद्याला रोजचा तीन आणे भत्ता ठरला होता. मीठ वाहून बायजाच्या हातात रोज पडत अडीच.

तिचा नवरा रघु मिठागरावरचा कसबी माणूस होता. भरतीचे पाणी कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, कधी घ्यायचे, किती दिवस आटू द्यायचे, हे त्याला बोट बुडवून चाखले की कळे. नवराबायकोने अठरा वर्षे पोटाला चिमटा घेऊन एकशे चाळीस रुपये जमवले. सगळे चांदीचे. कुडाच्या घरात इतके रुपये ठेवायचे तरी कुठे? म्हणून रघुने ते गुणाजीकडे ठेव म्हणून ठेवले. गुणाजी हा ठाण्याच्या बंदरावरचा मिठाचा व्यापारी. मूळचा देशावरचा, दोन मालवाहू मचव्यांचा धनी, जिभेवर साखर. मिठागरावर आला की बायकांनासुद्धा नाव घेऊन विचारायचा, पोरगा कसा आहे, शेळी व्याली का. कोपरीतल्या पाच-सहा घरांचे पैसे त्याच्याकडे होते, सगळे तोंडी. एकट्या रघुने एक आण्याचे सरकारी तिकीट लावलेला कागद मागितला.

"माझ्यावर विश्वास न्हाई व्हय रं?" गुणाजी म्हणाला होता.

"हाय म्हणून तर ठेवतोय, शेट. कागद पोरासाठी पायजे."

गुणाजीने हसत हसत कागद लिहून दिला. रघुने तो बांबूच्या नळीत घातला, नळी आढ्याला बांधली, आणि पुढच्याच पावसाळ्यात तापाने आठ दिवसांत गेला.

ते पैसे गणूच्या लग्नाचे होते. गणू त्यांचा एकुलता एक. अठराशे ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याचे लग्न तुळसाशी ठरले. सुपारी फुटली, मांडवाचे बांबू आले, आणि बायजा ठेव परत मागायला बंदरावर गेली. गुणाजीने तिला पाट दिला, पाणी दिले, आणि चार दिवसांनी ये म्हणून सांगितले. चार दिवसांनी आणखी चार दिवस. मग एक दिवस दुकानाच्या फळ्या लागलेल्या दिसल्या. मचवे केव्हाच गहाण पडले होते, वखारीत मीठ नव्हते, आणि राहते घर बायकोच्या भावाच्या, कल्याणच्या पोपटच्या नावावर होऊन गेले होते. गुणाजीने दिवाळे काढले होते आणि कोपरीला ते सगळ्यात शेवटी कळले.

लग्न मोडावे तर पोरीची बदनामी. मुलीच्या बापाला द्यायचे देज, मांडव, जेवण, हे कशातून करायचे? गणू कुणाला न विचारता पायी शिळेला गेला आणि तिथल्या खोताकडून नव्वद रुपये घेऊन आला. ठाणे जिल्ह्यात तेव्हा ही रीत होती. लग्नासाठी पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या घरी राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मजुरी नाही. दोन वेळचे अन्न, वर्षाला एक कांबळे. नऊ वर्षे राबायचे, किंवा नव्वदच्या नव्वद रुपये एकदम आणून टाकायचे आणि मोकळे व्हायचे. अंगावरची हळद निघायच्या आत गणू आणि तुळसा शिळेला गेले. गणू नांगराला आणि तुळसा गोठ्यात.

तेव्हापासून बायजाच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. गुणाजीकडून पैसे काढायचे आणि पोराला सोडवून आणायचे. लोकांनी समजावले, पाण्यात गेले म्हण आणि गप्प बस. ज्यांचे पैसे तोंडी होते ते तर हटकून समजावायचे. पण बायजाकडे कागद होता. तिने पायातले चांदीचे वाळे विकले, दोन शेळ्या विकल्या, पाण्याचा तांब्याचा हंडा विकला, आणि ती नळी काखोटीला मारून प्रधान वकिलांच्या ओट्यावर जाऊन बसली.

प्रधान वकील सरळ माणूस होता. फी घेतली पण कमी घेतली, आणि खोटी आशा लावली नाही. दावा लागला, तारखा पडल्या, दीड वर्षाने हुकूमनामा झाला. ठेव, व्याज आणि खर्च धरून एकशे एकाहत्तर रुपये. बायजाला वाटले, झाले. तिने कोर्टाच्या आवारातच पदर पुढे केला, जणू आता कोणी रुपये मोजून घालणार आहे. मग तिला कळले की हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत, पैसे शोधत फिरण्याची परवानगी. बेलिफ जप्तीला गेला. घर पोपटचे. अंगावरच्या कपड्यांना आणि चुलीवरच्या भांड्यांना कायदा हात लावू देईना. बाकी सापडला एक तराजू आणि ढीगभर रिकामी गोणपाटे. लिलावात त्यांचे दोन रुपये आले.

"आता एकच रस्ता राहिला," वकील म्हणाले. "त्याला दिवाणी कैदेत टाकता येईल. फार तर सहा महिने, त्याहून जास्त नाही. त्याचा जेवणाचा भत्ता तुला भरावा लागेल. दर महिन्याचा, पहिली तारीख लागायच्या आत."

"मी भरू? त्याचा?"

"तूच. ज्यांच्याकडे पैसे दडवलेले असतात ते सहसा सहा महिने बसत नाहीत. घरचे लोक काढून देतात."

"नि नसले तर?"

"तर तू त्याला सहा महिने जेवू घातलंस, एवढंच."

पैसे आहेत याबद्दल तिला शंका नव्हती. गुणाजीच्या बायकोची पुतळ्यांची माळ कल्याणला पोपटच्या बायकोच्या गळ्यात एका मचवेवाल्याने डोळ्यांनी पाहिली होती. "टाका त्याला आत," ती म्हणाली.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, बेलिफाने गुणाजीला बाजारात धरले. उरलेल्या महिन्याचा भत्ता बायजाने कोर्टात आधीच भरला होता. पुढचा भत्ता तुरुंगाच्या कचेरीत भरायचा. पहिल्यांदा ती गेली तेव्हा पैसे मोजून दिल्यावर तिने शिपायाला विचारले, "मना त्याला बघाचाय." शिपायाला गंमत वाटली. त्याने गुणाजीला गजांपाशी आणले. गुणाजीने मान फिरवली. बायजाने शिवीही दिली नाही. माणूस जागेवर आहे एवढी खात्री करून घेतली आणि पावती पदरात बांधून घरी गेली. दर महिन्याला ती तसेच करायची.

हे पैसे उभे करणे काय असते हे त्या तीन महिन्यांत तिला कळले. सकाळी मिठागर, दुपारनंतर खाडीत उतरून खडकांना चिकटलेली कालवे काढायची, शिंपले फोडून ती बाजारात नेऊन विकायची. कालवांच्या धारेने बोटे चिरायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच बोटांत मीठ जायचे. फेब्रुवारीत तिने रात्रीचे जेवण सोडले. मार्चमध्ये घरातली पाटा-वरवंट्याची जोडी विकली, कारण वाटायला घरात काही नव्हतेच. तिकडे गुणाजी तुरुंगात बसून सावलीत गोरा झाला. मार्चअखेरीला तो तिला गजांपलीकडे दिसला तेव्हा त्याच्या गालांवर मांस आले होते. ते आपले मांस आहे असे बायजाच्या मनात आले, आणि तिला इतका राग आला की परतताना कोपरीची वाट चुकून ती खोपटच्या बाजूला निघाली. बायकांनी जावयाची थट्टा एव्हाना बंद केली होती. तिच्याकडे बघून कुणाला हसवत नव्हते.

तुरुंगाच्या दाराशी तिला दर वेळी गुणाजीची बायको भेटायची. गंगुबाई. बरोबर दोन पोरे, एक पाच वर्षांचा आणि एक कडेवर. पहिल्या दोन वेळा गंगुबाईने तिला तळतळाट दिले, "माझ्या कुंकवाला कोंडलंस, तुझं वाटोळं होईल." बायजानेही परतफेड केली. तिसऱ्या वेळी दोघीही दमलेल्या होत्या. दाराशेजारच्या पिंपळाखाली दोघी बसल्या आणि गंगुबाईने आपणहून सांगितले की भाऊ घरात राहू देतो पण दाणा घालत नाही. कडेवरच्या पोराचे पोट पुढे आले होते आणि पाय काटक्या झाले होते. बायजाने ते पाहिले. न पाहण्याचा तिने प्रयत्न केला होता.

एप्रिलच्या मध्याला जे व्हायचे होते ते होऊ लागले. पोपट स्वतः कल्याणहून आला आणि वकिलांच्या ओट्यावर म्हणाला, मेहुण्याची अब्रू चालली आहे, अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, होऊ द्या, शंभर रुपये देतो, त्याच्या सुटकेची चिठ्ठी लिहून द्या. वकिलांनी बायजाकडे पाहिले. एकशे एकाहत्तरांच्या जागी शंभर. बायजाने हिशेब कधीच करून ठेवलेला होता. तिला नव्वद हवे होते. "चालंल," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी शिळेकडे जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर तिने गणूला निरोप धाडला की आखाजी झाली की आय पैसे घेऊन येते.

आखाजी झाली. पोपट आला नाही, पण निरोप आला की दोन-चार दिवसांत येतो. एप्रिलची तीस तारीख उजाडली. बायजाने मे महिन्याचा भत्ता, पाच रुपये तेरा आणे, कमरेला बांधला आणि ती तुरुंगाच्या दाराशी आली. गंगुबाई आधीच उभी होती, दोन्ही पोरे घेऊन.

आता इथे मिठागरावरची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर बायजाने पुढे जे केले ते वेडेपणाचे वाटेल. मिठागरावर पुरुषाची मजुरी पुरुषाच्या हातात देत नाहीत. ताडीच्या दुकानावरून घरची वाट जाते हे मुकादमांना ठाऊक असते. म्हणून आठवड्याचे पैसे असोत की भात असो, ते बायकोच्या ओटीत घालायचे. बायकोला पोचले म्हणजे नवऱ्याला पोचले. यावर कधी भांडण नाही, कधी वाद नाही. रघुची मजुरी वीस वर्षे बायजाच्याच ओटीत पडली होती. ही रीत तिला सूर्य उगवण्याइतकी खरी होती.

गंगुबाईने तिचा हात धरला. तिच्या डोळ्यांना पाणी होते आणि ते खोटे नव्हते. "बायजाबाई, पोरांच्या पोटात दोन दिस काही न्हाई. दादानं यांचा डबा सुरू केलाय, ठाण्यातल्या खानावळीतून येतोय. आता तुझा भत्ता यांना नको. ते म्हणतात, हे पैसे मला दे."

"ते म्हणतात?"

"विचार की."

गजांपाशी गुणाजी उभा होता. आज त्याने मान फिरवली नव्हती. "दे तिला, बायजा," तो म्हणाला, अगदी पूर्वीच्या, मिठागरावरच्या आवाजात. "माझ्या हातात आल्यासारखंच हाय. पोपट चार दिसांत शंभर घेऊन येतोय. आता आपल्यात वैर कशापायी?"

शिपाई शेजारी उभा राहून तंबाखू मळत होता. त्याने ऐकले, पण तो पैशाच्या कामाचा माणूस नव्हता.

बायजा उभी राहिली. तिने विचार केला नाही असे नाही. माणसाच्या पोटासाठी पैसे, आणि पोट भरते आहे. पैसे त्याचे, आणि तो स्वतः तोंडाने सांगतो आहे की बायकोला दे. शिपाई साक्षीला. शिवाय चार दिवसांवर शंभर रुपये आलेले, आणि या घडीला त्यांचे मन मोडले तर पोपट बिथरेल ही भीती. आणि ते कडेवरचे पोर. ते रडतही नव्हते, नुसते तिच्या कमरेच्या गाठीकडे बघत होते. बायजाने गाठ सोडली आणि पाच रुपये तेरा आणे गंगुबाईच्या ओटीत घातले. कचेरीची पायरी ती त्या दिवशी चढलीच नाही. घरी जाताना तिला बरे वाटत होते, आणि कितीतरी दिवसांनी तिने रात्री भात शिजवला.

दोन मेला ती कालवे घेऊन ठाण्याच्या बाजारात गेली. वडाखाली न्हावी बसत, तिथे एकाच्या पुढ्यात गुणाजी मांडी घालून दाढी करवून घेत होता.

टोपली तिच्या डोक्यावरून कधी पडली हे तिला कळले नाही. गुणाजीने तिला पाहिले. साबण लावलेल्या तोंडाने तो न्हाव्याला म्हणाला, "चालू दे." बायजा किल्ल्याकडे धावत सुटली.

कचेरीतल्या कारकुनाने वही उघडून दाखवली, जरी तिला वाचता येत नव्हते. तीस तारखेची कचेरी बंद होईपर्यंत मे महिन्याचा भत्ता जमा नाही. पहिल्या तारखेला सकाळी कैदी मुक्त. "मी दिले," बायजा ओरडली. "पाच रुपये नि तेरा आणे! त्याच्या बायकूच्या ओटीत घातले, त्यानंच सांगितलं, हा शिपाई हुता!" शिपायाने मान हलवली, हो, होतो. कारकून म्हणाला, "बाई, पैसे इथे भरायचे असतात. तू त्याच्या बायकोला दिलेस ती तुझी मर्जी." तो उर्मट नव्हता. त्याने तिला पाणी आणून दिले.

प्रधान वकिलांनी सगळे ऐकले आणि कपाळाला हात लावला. मग बराच वेळ कायद्याचे पुस्तक चाळत बसले, पण ते तिच्यासाठी. त्यांना उत्तर माहीत होते.

"परत धरा त्याला," बायजा म्हणाली. "मी परत भरते. आजच भरते."

"नाही धरता येत. भत्ता चुकला म्हणून सुटलेल्या माणसाला त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा कैद करता येत नाही."

"चुकला कुठं? मी दिला ना!"

"कायद्याच्या लेखी चुकला."

"नि त्याला हे ठाऊक हुतं?"

वकिलांनी पुस्तक मिटले. "तुरुंगात आणखी चार देणेकरी आहेत, बायजा. महिनोन्महिने बसून दुसरं बोलतात काय? त्याला ठाऊक होतं. मला तुला नीट बजावायला हवं होतं. पावतीशिवाय दमडी देऊ नकोस म्हणून. मला वाटलं, तू तीनदा भरलेस, तुला कळलंय."

"नि माझा कागद?"

"कागद जिवंत आहे. बारा वर्षं. त्याच्या नावावर काही सापडलं तर जप्त करता येईल."

बायजाने हुकूमनाम्याची ती घडी वकिलांच्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत त्यांच्यापुढे ठेवली. पोपटकडे जायचे की नाही हे तिने विचारले नाही. वकिलांनीच आपल्या पैशाने कल्याणला माणूस पाठवला. पोपटने ओट्यावरूनच उत्तर दिले की, कसले शंभर, मी कशाला देऊ, मी काय त्याला जामीन होतो?

ती गंगुबाईकडे मात्र गेली. मारायला गेली होती. गंगुबाई दारातच होती, आणि तिच्या गालावर पाच बोटे उठलेली होती. गुणाजी घरात नव्हता. "मला एवढंच सांगितलं," गंगुबाई म्हणाली, "पोरांना घेऊन जा नि तिच्याकडनं पैसे माग. का ते न्हाई सांगितलं. उरल्यालं मी परत देते म्हणाले तर हे केलं." तिने गाल दाखवला. मग आत जाऊन तिने त्याच पैशांतून घेतलेल्या तांदळाचे मडके आणले. सहा दिवसांत त्यातले निम्मे संपले होते. ती ते पुढे करून उभी राहिली.

गोष्टीतल्या बायका अशा वेळी मडके परत ढकलतात. बायजाने पदर पसरला आणि तांदूळ घेतले. पोरे दारातून बघत होती. तिला त्यांची दया आली आणि स्वतःचीही आली, आणि दोन्हींचा तिला संताप आला. घरी येऊन तिने ते तांदूळ शिजवले आणि एकटीने खाल्ले.

मेअखेर मिठाचा हंगाम उरकला. पाऊस यायच्या आत कोंड्या सोडून दिल्या जातात, मजुरांना काम उरत नाही. बायजाने कुडाचे घर एका चुलत दिराला सात रुपयांना दिले, वकिलांची राहिलेली फी त्यातून फेडली, वकील घ्यायला तयार नव्हते तरी. उरले तेवढे कमरेला बांधून ती कळव्याच्या तरीतून पलीकडे उतरली आणि मुंब्र्यावरून पायी शिळेला निघाली.

खोत पडवीत झोपाळ्यावर बसला होता. बायजा खाली उकिडवी बसली आणि सौदा केला. गणूची सात वर्षे उरली होती. तीही त्याच्या जोडीने राबेल. भातलावणी, गोठा, दळण, पडेल ते. सातांची चार करा. खोताने तिच्या हातांकडे पाहिले, पायांकडे पाहिले, वय विचारले. पाच म्हणाला. शेवटी साडेचारवर ठरले.

"लिहून द्या, खोतसाब," बायजा म्हणाली. कोर्टाने तिला एवढे शिकवले होते. "तिकिटाचे पैसे मी देते."

खोत हसला, मनापासून. "लिहायचं काय त्यात? तू काय पळून जाणार आहेस? पोर इथं, सून इथं." आणि त्याने गड्याला हाक मारून तिला गोठ्यामागची खोली दाखवायला सांगितली.

गणू संध्याकाळी बैल घेऊन आला. अंगणात आईला पाहून तो बैलांचे कासरे हातात तसेच घेऊन थबकला. आखाजीचा निरोप त्याला पोचला होता. नंतरचा कोणी आणलाच नव्हता. महिनाभर तो रोज वाटेकडे बघत होता. उन्हाने करपलेला तो चेहरा एकदम लहान पोरासारखा उजळला आणि तो गोठ्याकडे तोंड करून ओरडला, "तुळसे, बोचकं काढ गो, बोचकं! आय आयली!"

तुळसा बाहेर आली. तिला सातवा महिना होता. बोचके महिन्यापासून बांधून तयारच होते, ते तिने कडेवर घेतले होते. दोन लुगडी, एक कांबळे, लग्नातले पितळेचे तांब्या-भांडे.

"आये, सोडवाला आयलीस ना?"

"नाय रे बाला," बायजा म्हणाली. "ऱ्हावाला आयले."

गणूला ते लगेच कळले नाही. त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा तुळसाकडे, आणि मग कासरे सोडून तो अंगणात खाली बसला. बायजाने सुनेच्या कडेवरून बोचके घेतले, गोठ्यामागच्या खोलीत नेले आणि त्याची गाठ सोडून कपडे दोरीवर टाकले.